मोठा रक्तस्राव आणि प्रथमोपचार पेटी : घरात व गाडीत दाबपट्टी का असावी

बहुतेक घरांतील प्रथमोपचार पेटी उघडून पाहिली, तर तिच्यात चिकटपट्ट्यांचे पाकीट, कापसाची अर्धी गुंडाळी, जंतुनाशकाची बाटली, पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब आणि तापाच्या गोळ्या सापडतात. खरचटणे, चाकूने बोट कापणे, तव्याचा चटका बसणे अशा रोजच्या प्रसंगांना ही सामग्री पुरते. परंतु स्नानगृहाची काच फुटून मनगट खोलवर चिरले, कडबाकुट्टीच्या पात्यात हात गेला, ग्राइंडरची चकती तुटून मांडीत घुसली किंवा अपघातात दुचाकीस्वाराची पोटरी पत्र्याने उघडी पडली, तर या पेटीतील एकही वस्तू कामी येत नाही. पेटी भरताना आपण वारंवार होणाऱ्या दुखापतींचा विचार करतो आणि ते स्वाभाविकही आहे. पण जी दुखापत क्वचित होते आणि झाली तर डॉक्टरांपर्यंत पोहोचायला वेळच देत नाही, तिच्यासाठी दोन-तीन वस्तू मुद्दाम ठेवाव्या लागतात.

वेळ इतका कमी का असतो, हे आधी पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते; म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसात ते ५ लिटरच्या आसपास भरते. त्यातील १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे पाऊण लिटरभर रक्त गेले तरी निरोगी शरीर ते निभावून नेते. रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि दाता चहा-बिस्किटे घेऊन कामाला लागतो, तो याच कारणाने. ३० टक्क्यांच्या पुढे मात्र रक्तदाब घसरू लागतो, माणूस गोंधळतो, अंग गार आणि घामेजलेले लागते. ४० टक्क्यांच्या पुढे रक्त गेले तर जीव वाचवणे रुग्णालयालाही कठीण होऊन बसते. मांडीतील मोठी धमनी पूर्ण तुटली असेल, तर ही मजल काही मिनिटांतच गाठली जाते. लहान मुलांच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे, कारण १५ किलोच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच लिटरभरापेक्षा थोडे जास्त असते. मोठ्यांच्या दृष्टीने फारसे नसलेले पेलाभर रक्तही त्याला फार होते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि ११२ हा सर्व प्रकारच्या आपत्तींसाठीचा क्रमांक आहे. फोन लगेच करावाच. शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी नाव घेऊन सांगावे, म्हणजे आपले हात जखमेवर राहतील. पण रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी संध्याकाळच्या वाहतुकीतून किंवा घाटाच्या वळणांतून ती येईपर्यंतची मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसालाच सांभाळावी लागतात. प्रस्तुत विषयाचा सगळा आवाका त्या मिनिटांपुरताच आहे.

हा रक्तस्राव जीवघेणा आहे, हे ओळखायचे कसे? रक्त हृदयाच्या ठोक्यांसोबत उसळ्या घेत येत असेल, जमिनीवर साचून थारोळे होत असेल, कपडे किंवा बांधलेली पट्टी भिजून पुन्हा टपकू लागली असेल, हातापायाचा एखादा भाग तुटला असेल, किंवा रक्त जात असलेला माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर शंका घेत बसू नये. याउलट, डोक्याची त्वचा किंवा बोटाचे टोक फाटले की रक्त भरपूर दिसते, घरातले घाबरतात, पण तिथे बहुधा पाच-दहा मिनिटे दाबून धरल्यावर काम भागते.

रक्त शोषणे आणि रक्त थांबवणे

मोठ्या जखमेवर आपण सर्वांत आधी काय करतो? हाताला लागेल तो टॉवेल, ओढणी, कापूस त्यावर टाकतो आणि तो भिजला की वर दुसरा टाकतो. हे करताना रक्त दिसेनासे होते, म्हणून थांबल्यासारखे वाटते. नळाचा पाइप फुटल्यावर त्याखाली फडकी धरली, तर फडकी भिजत राहतात आणि गळती चालूच राहते. जखमेचेही तसेच आहे. रक्त थांबते ते दाबामुळे. फाटलेल्या रक्तवाहिनीवर बाहेरून पुरेसा दाब पडला, की तिच्यातून वाहणारी धार मंदावते. धार मंदावली की रक्तबिंबिका (प्लेटलेट) त्या तोंडाशी चिकटतात, फायब्रिन या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती विणले जातात आणि गुठळी धरते. वाहत्या धारेत गुठळी टिकत नाही, वाहून जाते. म्हणूनच दाब देताना दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबले का’ असे पाहणे घातक ठरते, कारण नुकती धरलेली गुठळी त्या कापडाबरोबर निघून येते. एकदा दाबले की किमान १० मिनिटे घड्याळ लावून दाबावे आणि कापड भिजले तर ते न काढता आणखी जोर द्यावा. तरीही रक्त धो-धो येत असेल, तर दाब चुकीच्या ठिकाणी पडतो आहे असे समजावे आणि एकदाच कापड बाजूला करून रक्ताचा नेमका उगम शोधावा. त्या बिंदूवर दोन बोटांनी दिलेला दाब संपूर्ण तळव्याने पसरून दिलेल्या दाबापेक्षा जास्त परिणामकारक असतो.

जखमेवर हळद, कॉफीची पूड किंवा चुना दाबण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. लहानशा चिरेवर रक्त आपोआपच थांबणार असते, त्यामुळे त्याचे श्रेय हळदीला मिळते. खोल जखमेत मात्र ही पूड रक्ताबरोबर बाहेर येते, जी आत राहते ती शस्त्रक्रियेच्या वेळी धुऊन काढताना डॉक्टरांचा वेळ जातो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते ती वेगळीच. कापसाबद्दलही तेवढीच सक्त सूचना करावीशी वाटते : सुटा कापूस उघड्या जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत चिकटून बसतात. जखमेला लागेल ते कापड गॉजचे असावे.

हाताने दाबण्यात अडचण एकच आहे : हात अडकून पडतो. घरात दोघेच असतील, एक जखमी असेल आणि दुसऱ्याने दोन्ही हात जखमेवर ठेवले असतील, तर फोन कोणी करायचा, दाराची कडी कोणी काढायची, गाडी कोणी चालवायची? शिवाय घाबरलेल्या माणसाचा हात लवकर थकतो आणि थकला हे त्याला कळत नाही. आपत्कालीन दाबपट्टी या अडचणीवरचा उपाय आहे. औषधांच्या दुकानात ‘प्रेशर बँडेज’ किंवा ‘इमर्जन्सी बँडेज’ म्हणून विचारणा करता येते. जगभर तिला ‘इस्रायली बँडेज’ हेच नाव पडले आहे, कारण ती बर्नार्ड बार-नातान या इस्रायली लष्करातील वैद्यकीय सहायकाने तयार केली. त्या काळी जखमेवर पट्टी बांधून वर दगड ठेवून आवळावे, असे सैनिकांना शिकवले जाई. उपाय ओबडधोबड असला, तरी त्यामागचा विचार अचूक होता : पट्टीला एका बिंदूवर जोर देणारे काहीतरी कठीण हवे. बार-नातान यांनी तो दगड प्लॅस्टिकच्या एका छोट्या कमानीच्या रूपाने पट्टीतच बसवला.

पट्टीची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. एका टोकाला न चिकटणारी, निर्जंतुक, जाड गादी. तिला शिवलेला लांबलचक लवचीक पट्टा. गादीच्या पाठीवर ती प्लॅस्टिकची कमान. आणि पट्ट्याच्या शेवटी दोन्ही बाजूंना आकडे असलेली एक आडवी पट्टी. समजा, जखम डाव्या हाताच्या कोपराखाली आहे. पाकीट फाडायचे, गादी जखमेवर ठेवायची आणि पट्ट्याचा एक वेढा हाताभोवती घ्यायचा. वेढा परत गादीवर आला की पट्टा कमानीच्या फटीत सरकवायचा आणि आता उलट्या दिशेने जोरात ओढायचा. ओढताच कमान खाली वळून गादीवर आणि गादी जखमेवर दाबली जाते. तळहाताने देता येईल असा जोर त्या बिंदूवर पडतो आणि तो तिथेच टिकतो. उरलेला पट्टा कमानीवरून घट्ट गुंडाळत गादीच्या सर्व कडा झाकायच्या आणि शेवटची आडवी पट्टी आधीच्या वेढ्यांत अडकवून टाकायची. ना गाठ, ना सेफ्टी पिन, ना चिकटपट्टी. बांधून झाल्यावर बोटांची टोके पाहावीत : नख दाबून सोडले की पांढरेपणा जाऊन दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटे निळी-गार पडली, मुंग्या येऊ लागल्या आणि रक्त थांबलेले असले, तर पट्टा थोडा सैल करून पुन्हा बांधावा.

ही पट्टी ४, ६ आणि ८ इंची रुंदीत मिळते. घरासाठी आणि गाडीसाठी ६ इंची घ्यावी. ती मनगटालाही चालते आणि मांडीलाही. पैसे वाचवण्यासाठी ४ इंचीचा मोह होतो, पण प्रौढाच्या मांडीवर ती अपुरी पडते.

ही पट्टी गावातल्या दुकानात मिळणार नाही, हे मान्यच करावे लागेल. तिच्या जागी चालेल असा जोड आपल्याकडच्या कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळतो : निर्जंतुक गॉजची तीन-चार पाकिटे, एक गॅमजी पॅड आणि १५ सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज. गॅमजी म्हणजे गॉजच्या दोन थरांमध्ये कापूस भरलेली गादी. जोसेफ सॅम्पसन गॅमजी या शल्यविशारदाने ती १८८० मध्ये बर्मिंगहॅममध्ये वापरात आणली आणि आपल्या रुग्णालयांत ती आजही त्याच्याच नावाने मागितली जाते. गॉजची घट्ट घडी थेट जखमेवर, वर गॅमजी, आणि त्यावर क्रेप बँडेज ताणून, प्रत्येक वेढा जखमेच्या ठिकाणी एक पीळ देत गुंडाळले, तर तो पीळ कमानीचे काम करतो. घोटा मुरगळल्यावर वापरायचे क्रेप बँडेज घरात असतेच. ते धुऊन-धुऊन ढिले झाले असेल, तर या कामासाठी नवे आणावे.

जिथे पट्टी पुरत नाही

हातापायाच्या काही जखमा दाबपट्टीला दाद देत नाहीत. तिथे टूर्निकेट लागते, म्हणजे जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, अवयवाभोवती आवळून त्यातील रक्तप्रवाहच बंद करणारा पट्टा. टूर्निकेटची भीती जुन्या पिढीतील डॉक्टरांना आणि प्रथमोपचार शिकलेल्यांना फार होती : ‘बांधले की हात गेला’. ही समजूत बदलली ती इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांमुळे. २००६ मध्ये बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात आलेल्या जखमींच्या अभ्यासात, रक्तदाब कोसळण्याआधी टूर्निकेट बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगले आणि कोसळल्यानंतर बांधलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. केवळ टूर्निकेटमुळे कोणाचा अवयव कापावा लागल्याचे त्या अभ्यासात आढळले नाही. पुढे अमेरिकेत २०१२ च्या सँडी हूक शाळेतील गोळीबारानंतर शल्यविशारदांनी हा धडा नागरी जीवनात आणण्याचा आग्रह धरला आणि २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम सुरू झाली. तिथे बंदुकीच्या गोळ्या होत्या. आपल्याकडे त्याच जखमा यंत्रे, काचा आणि वाहने करतात.

टूर्निकेट जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधावे, गुडघा किंवा कोपरावर बांधू नये, आणि पट्ट्यालाच बसवलेली दांडी फिरवत रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळावे. ते खूप दुखते. दुखते आहे म्हणून सैल करू नये. अर्धवट आवळणे हे न बांधण्यापेक्षा वाईट, कारण त्याने वरवरच्या शिरा बंद होतात, खोलवरची धमनी चालूच राहते आणि अवयवात आलेले रक्त परत न जाता जखमेतून अधिक वेगाने बाहेर पडते. बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा जखमीच्या कपाळावर पेनाने लिहावी. दोन तासांपर्यंत ते सामान्यतः सुरक्षित मानले जाते आणि सोडण्याचा निर्णय रुग्णालयाने घ्यायचा असतो. साधी दोरी, नाडी किंवा पट्टा यांनी हे काम नीट होत नाही. बारीक दोरी कातडी व नसा चिरडते आणि धमनी तरीही वाहते.

सर्पदंशावर टूर्निकेट बांधू नये. पेटीत ते आहे म्हणून त्या प्रसंगी वापरले जाण्याचा धोका ग्रामीण भागात खरोखर आहे, कारण दंशाच्या वर आवळून बांधण्याची रीत अजून गेलेली नाही.

मग टूर्निकेट घ्यावे का? माझे मत असे : ज्यांच्याकडे कडबाकुट्टी, मळणीयंत्र, लाकूड कापण्याची करवत किंवा मोठा ग्राइंडर आहे, जे महामार्गावर नेहमी गाडी चालवतात किंवा डोंगरात फिरतात, त्यांनी घ्यावे. इतरांनी आधी दाबपट्ट्यांवर खर्च करावा. घेतलेच तर नावाजलेल्या बनावटीचे आणि खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्यावे. अस्सल वस्तूची किंमत काही हजारांत जाते आणि तिच्या हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकला ऑनलाइन बाजारात भरपूर आहेत. नकलेची दांडी दुसऱ्या पिळाला वाकते किंवा तुटते, आणि ते कळते ते नेमके त्याच वेळी.

जांघ, काख आणि खांद्याचा सांधा येथे टूर्निकेट बसतच नाही. तिथे खोल जखमेत गॉजची लांब पट्टी बोटाने ठासून, तळापासून वरपर्यंत भरायची आणि वर दोन्ही हातांनी शरीराचे वजन टाकून दाबायचे. या कामासाठी रक्त गोठवणारे विशेष गॉज मिळते : एका प्रकारात केओलिन नावाची पांढरी माती असते, ती गोठण्याची साखळी सुरू करून देते, दुसऱ्यात कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान असते, ते रक्तपेशींना धरून चिकट थर तयार करते. कायटोसानचे ॲक्सिओस्टॅट हे उत्पादन भारतातच तयार होते. सुरुवातीच्या काळात असे पदार्थ भुकटीच्या रूपात येत आणि त्यांच्या उष्णतेने जखमेतच भाजत असे. ती भुकटी आता मागे पडली, तेव्हा जुन्या साठ्यातील भुकटी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. विशेष गॉज नसेल तर साधे गॉज भरूनही तेच करायचे, फक्त दाब अधिक वेळ धरायचा. गॉज किती लागते याचा अंदाज सहसा चुकतो : मांडीच्या वरच्या भागातील जखमेत साडेतीन-चार मीटरची पट्टी सहज जिरते.

छाती आणि पोट यांच्यात मात्र काहीही ठासू नये. तिथले रक्त आतल्या पोकळीत जाते आणि गॉज त्याचा पाठलाग करू शकत नाही. पोटातून आतडे बाहेर दिसत असेल तर ते आत न ढकलता स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे. डोक्याचे हाड खचल्यासारखे लागत असेल तर त्यावर जोर देऊ नये, कडेने हलकेच पट्टी ठेवावी. शरीरात घुसलेली सळई, काच किंवा काठी उपसू नये. तीच रक्तवाहिनीचे बूच झालेली असू शकते. तिच्या दोन्ही अंगांना कापडाच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही अशी बांधावी.

गळ्याचा प्रश्न आपल्याकडे दर संक्रांतीला येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी दुचाकीस्वारांचे गळे चिरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. गळ्याभोवती दाबपट्टी गोल आवळता येत नाही, हे उघड आहे. तिथे गॉज जखमेवर ठेवून हातानेच, फक्त जखमेच्या बाजूला दाब द्यायचा, श्वासनळी आणि दुसरी बाजू मोकळी ठेवायची. पट्टी बांधायचीच झाली तर जखमेच्या विरुद्ध बाजूचा हात डोक्यावर उचलून तिचा वेढा त्याच्या काखेखालून न्यायचा. पण हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, नवख्याने हातच दाबून धरावा.

घरच्या पेटीत एक वेगळा विचार ज्येष्ठांसाठी करावा लागतो. हृदयविकार किंवा मेंदूच्या पक्षाघातानंतर अनेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यांचे रक्त थांबायला जास्त वेळ लागतो आणि त्यांच्या बाबतीत दहा मिनिटांवर समाधान मानू नये. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असलेल्या व्यक्तीची एखादी शीर नुसती खरवडूनही फुटते आणि उभ्याने पाहता पाहता चपला रक्ताने भरतात. त्यांना ताबडतोब आडवे करून, पाय उंच धरून, जागेवर बोट दाबले की हा रक्तस्राव आश्चर्यकारक वेगाने थांबतो. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल आणि त्याच्या हातावरील फिस्टुला (सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) फुटला, तर टॉवेल गुंडाळत बसू नये. नेमक्या छिद्रावर बोटाने जोर द्यावा आणि १०८ ला फोन करावा.

पेटीत काय, आणि पेटी कुठे

घरासाठी मी दोन दाबपट्ट्या किंवा वर सांगितलेले दोन देशी जोड, गॉजच्या दोन लांब गुंडाळ्या, तिकोनी पट्टी, नायट्राइलच्या हातमोज्यांचे चार-पाच जोड, जाड कपडा आणि जीन्स कापणारी बोथट टोकाची कात्री, न पुसणारे पेन आणि चांदीसारखी चमकणारी पातळ चादर ठेवेन. ही चादर अनेकांना अनावश्यक वाटते. पण रक्त गेलेल्या माणसाचे शरीर नागपूरच्या मे महिन्यातही गार पडते आणि गार शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणून त्याला झाकून ठेवणे हा रक्तस्राव थांबवण्याचाच भाग आहे. त्याला तोंडाने काही देऊ नये, पाणीसुद्धा, कारण रुग्णालयात भूल द्यावी लागू शकते. पेटीत काही स्वच्छ, बंद करता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही असाव्यात. बोट तुटले तर ते ओलसर गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घालावे, पिशवी बंद करावी आणि ती दुसऱ्या पिशवीतील बर्फ-पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात ठेवला तर तो जळतो आणि जोडण्याची आशा संपते.

हे सामान चिकटपट्ट्या आणि गोळ्यांच्या डब्यात मिसळू नये. वेगळी, ठळक रंगाची, झिप असलेली पिशवी करावी. गोळ्यांचा डबा मुलांपासून उंचावर ठेवावा लागतो, ही पिशवी मात्र दहा वर्षांच्या मुलाच्याही हाताला लागली पाहिजे. स्वयंपाकघरात ओट्याजवळ किंवा दाराच्या मागे ती टांगलेली बरी. (पिशवीवर लाल फुली रंगवू नये; ते चिन्ह १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने संरक्षित आहे. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी फुली हे प्रथमोपचाराचे रूढ चिन्ह आहे.)

गाडीची गोष्ट वेगळी आहे. नव्या गाडीसोबत मिळणारी पेटी बहुतेकांनी कधी उघडलेली नसते. उघडल्यास तिच्यात चार चिकटपट्ट्या, थोडा कापूस आणि एक अरुंद पट्टी निघते. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते, आणि रस्त्यावरची जखम चार चिकटपट्ट्यांनी भागणारी नसते. गाडीत दाबपट्ट्या तीन-चार असाव्यात, कारण अपघातात जखमी एकटा असेलच असे नाही आणि एकाच पायाला दोन जखमा असू शकतात. याखेरीज हातमोजे, कात्री, चादर, विजेरी आणि धोक्याचा परावर्तक त्रिकोण ठेवावा. गाडीबाहेर उतरण्याआधी गाडी सुरक्षित जागी लावून इशाऱ्याचे दिवे चालू करावेत. मदतीला उतरलेल्या माणसालाच मागून येणाऱ्या वाहनाने उडवल्याचे प्रसंग द्रुतगती मार्गांवर घडतात.

पिशवी डिकीत ठेवण्याची सवय मोडावी. मागून धडक बसली की डिकीचे झाकण चेपते आणि उघडत नाही. चालकाच्या किंवा शेजारच्या आसनाखाली, बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशी ती वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधावी. सुटी ठेवली तर ती ब्रेकच्या पायाखाली घरंगळते. उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा ६० अंशांच्याही वर जाऊ शकतो. निर्वात पाकिटातील पट्टी हे सोसते, पण चिकटपट्टीचा डिंक वितळतो, हातमोजे एकमेकांना चिकटतात, लवचीक धागा सैल होतो आणि औषधे निकामी होतात; म्हणून गाडीत गोळ्या, मलमे ठेवूच नयेत आणि हातमोजे दर उन्हाळ्यानंतर बदलावेत. कोकणातील पावसाळ्यात उलट दमटपणाचा त्रास होतो. कागदी पाकिटातील गॉज तिथे दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावे.

‘मदत केली तर पोलीस मागे लागतील’ ही भीती अजून आहे, तेव्हा कायद्याचे दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १३४-अ कलमाने, सद्भावनेने मदत करताना जखमीला काही इजा झाली तरी मदतकर्त्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. शिवाय मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचाराची योजना लागू झाली आहे. त्यामुळे ‘पैसे कोण भरणार’ या प्रश्नावर जखमीला रस्त्यावर ताटकळत ठेवण्याचे कारण उरत नाही.

पाकिटावरील मुदत वर्षातून दोनदा पाहावी. मुदत संपलेली पट्टी फेकण्यापेक्षा सरावासाठी ठेवावी. निर्वात पाकीट ओल्या हातांनी फाडता येते का, कमानीत पट्टा कोणत्या बाजूने जातो, उलटे ओढताना किती जोर लागतो, हे वाचून कळत नाही. घरातल्या प्रत्येकाने ती एकदा दुसऱ्याच्या मांडीवर आणि एकदा स्वतःच्या हातावर बांधून पाहावी, आणि स्वतःवर बांधताना फक्त एकाच हाताचा, तोही डाव्या हाताचा वापर करावा, कारण जखमी झालेला हात उजवाही असू शकतो.